टेस्ट हिरव्या, टेबलं रिकामी: एका दूध संस्थेच्या वेब अॅपचं प्रकरण

पार्श्वभूमी

कोल्हापूर जिल्ह्यातली एक गावपातळीवरची दूध संस्था. सभासद सहाशेच्या आसपास. सकाळी सहा ते साडेआठ आणि संध्याकाळी पाच ते साडेसात असं दोन वेळा संकलन. महिन्याला तीन बिलं: एक ते दहा, अकरा ते वीस, एकवीस ते महिनाअखेर. ओळख पटेल असे तपशील इथं बदलले आहेत, तांत्रिक क्रम मात्र जसा घडला तसाच आहे.

या संस्थेचं वेब अॅप आमच्या तिघांच्या ऑफिसनं केलेलं. सभासद दूध घेऊन येतो, मशीन फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) दाखवतं, संकलनावरचा मुलगा सभासद क्रमांक आणि लिटर टाकतो, दरपत्रकावरून रक्कम निघते आणि सभासदाला एसएमएस जातो. पशुखाद्याची उचल, अॅडव्हान्स, कपाती हे सगळं त्यातच. अॅप सुरू झाल्यावर संकलनाचं जाड रजिस्टर बंद केलं गेलं. सल्ला आमचाच होता: एकच काम दोनदा कशाला?

अॅप लॅराव्हल १० वर आहे. लॅराव्हल म्हणजे पीएचपी भाषेत वेब अॅप बांधायचा तयार सांगाडा, फ्रेमवर्क. लॅराव्हलचं जवळपास सगळं काम आर्टिसन या कमांड-लाइन साधनातून चालतं. लॅराव्हल आलं २०११ मध्ये, आर्टिसन २०१२ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून सोबतीला आहे. मॉडेल बनवायचं, टेबलात कॉलम वाढवायचा, रांगेतले एसएमएस सोडायचे, साइट तात्पुरती बंद ठेवायची, टेस्ट (कोड बरोबर चालतो का ते तपासणारे छोटे प्रोग्रॅम; पास झाले की हिरवे, नापास की लाल) चालवायच्या, सगळ्याला ‘पीएचपी आर्टिसन’ आणि पुढं एक शब्द. कमांडची लांबी आणि तिचे परिणाम यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. ‘मायग्रेट’ नवा कॉलम घालते. ‘मायग्रेट:फ्रेश’ सगळी टेबलं पाडून कोरी उभी करते.

आधीच घेतलेले तीन निर्णय

प्रकरण एका सकाळचं असलं तरी त्याची तयारी आम्ही दीड वर्ष आधी करून ठेवली होती.

पहिला निर्णय माझा. डॉट-एन्व्ह या सेटिंग्जच्या फाइलमध्ये अॅप कुठं चालतंय ते सांगणारी ‘अॅप_एन्व्ह’ नावाची ओळ असते. तिथं ‘प्रॉडक्शन’ (म्हणजे लाइव्ह सर्व्हर) असेल तर आर्टिसन धोक्याच्या कमांडआधी थांबतं आणि खात्री आहे का म्हणून विचारतं. साधी ‘मायग्रेट’ही त्यात येते. नवा कोड सर्व्हरवर चढवणारी आमची डिप्लॉय स्क्रिप्ट त्या प्रश्नापाशी अडून बसायची. उपाय सोपा होता, स्क्रिप्टमधल्या मायग्रेट कमांडला ‘--फोर्स’ (न विचारता चालव) जोडायचं. एका रात्री घाईत मी ते न करता फाइलमध्ये ‘प्रॉडक्शन’च्या जागी ‘लोकल’ लिहिलं. प्रश्न यायचा थांबला. मी ते विसरूनही गेलो.

दुसरा निर्णय कुणी घेतलाच नव्हता. सर्व्हरवर लागणारी पॅकेजेस आणणारं ‘कम्पोझर इन्स्टॉल’ नुसतंच चालायचं, फक्त डेव्हलपमेंटची पॅकेजेस वगळणाऱ्या ‘--नो-डेव्ह’ शिवाय. त्यामुळं टेस्टची सगळी हत्यारं लाइव्ह सर्व्हरवरही येऊन पडली होती.

तिसरा निर्णय तर चांगलाच होता: वेग वाढावा म्हणून स्क्रिप्टच्या शेवटी ‘कॉन्फिग:कॅशे’. ही कमांड सगळी सेटिंग्ज एका फाइलीत गोठवून ठेवते. त्यानंतर डॉट-एन्व्ह फाइल वाचलीच जात नाही. आणि जी गोष्ट त्या दिवशी महागात पडली ती ही, की टेस्ट चालवणाऱ्या पीएचपीयुनिटच्या फाइलीत ‘टेस्टसाठी वेगळा, मेमरीतला एसक्यूलाइट डेटाबेस वापर’ असं लिहिलेलं असलं तरी तेही वाचलं जात नाही. लॅराव्हलच्या दस्तऐवजात यावर स्पष्ट सूचना आहे: टेस्ट चालवण्याआधी कॉन्फिगची कॅशे पुसा. मी ती वाचलेली होती. आपल्या लॅपटॉपवर कॅशे करतोच कोण, म्हणून सोडून दिली होती.

काय घडलं

महिन्याची १९ तारीख. दुसऱ्या दिवशी बिल बंद होणार होतं. दरपत्रकात एक चूक सापडली होती: एसएनएफ बरोबर ८.५ आला की दर एक पायरी खालचा लागायचा. आमच्या ज्युनिअरनं ती दुरुस्त केली, टेस्ट लिहिली, लॅपटॉपवर चालवली. साडेदहाच्या सुमारास सर्व्हरवर जाऊन स्क्रिप्ट चालवली. सगळं नीट.

ऑफिसात माझा एक नियम होता: टेस्ट चालवल्याशिवाय लाइव्ह झालं असं म्हणायचं नाही. कुठं चालवायच्या हे मी कधी सांगितलं नव्हतं. त्यानं १०:४७ ला सर्व्हरवरच ‘पीएचपी आर्टिसन टेस्ट’ दिलं.

बऱ्याच टेस्ट हिरव्या आल्या. फॉर्म भरून पाठवणाऱ्या चार लाल झाल्या, प्रत्येकीपुढं ४१९ हा एरर. टेस्टच्या वातावरणात लॅराव्हल फॉर्मचं टोकन (फॉर्म आपल्याच पानावरून आल्याची खूण) तपासत नाही, पण इथं गोठलेल्या सेटिंगमुळं वातावरण ‘लोकल’ राहिलं होतं, म्हणून टोकन तपासलं जात होतं. हा इशारा होता. तो वाचता यायला मात्र आधी एकदा भाजावं लागतं. त्यानं १०:५३ ला पुन्हा चालवून पाहिलं. पुन्हा ४१९. मग नेटवर शोधलं. तिथला उत्तम, सर्वमान्य सल्ला: कॉन्फिगची कॅशे पुसा. पुसली. तिसऱ्यांदा सगळ्या हिरव्या.

आमच्या टेस्ट ‘रिफ्रेश डेटाबेस’ वापरतात. पहिल्या टेस्टआधी हे ‘मायग्रेट:फ्रेश’ चालवतं आणि पुढची प्रत्येक टेस्ट ट्रान्झॅक्शनमध्ये करून मागं घेतं. मेमरीतल्या डेटाबेसवर याचा कुणाला त्रास नाही. पहिल्या दोन वेळी मात्र जोडणी लाइव्ह मायएसक्यूएल डेटाबेसशी होती. ‘प्रॉडक्शन’ असतं तर आर्टिसन तिथं विचारायला थांबलं असतं. ‘लोकल’ला ते काही विचारत नाही.

संस्थेच्या सचिवांचा फोन ११ ला आला. “साहेब, पोरगं म्हणतंय पासवर्ड चुकतोय. माझाबी घेईना.” मी ज्युनिअरकडं पाहिलं. तोवर त्यानं टिंकर (अॅपच्या डेटाला थेट प्रश्न विचारायची आर्टिसनची खिडकी) उघडून सभासदांची संख्या विचारली होती. स्क्रीनवर शून्य. त्यानं लॅपटॉप माझ्याकडं फिरवला आणि काय काय चालवलं ते वेळेसकट सांगितलं. काहीच लपवलं नाही. पुढचे पाच तास त्या वेळांच्या जोरावरच निभावले.

पहिली वीस मिनिटं

ज्युनिअरचा हात लगेच रात्रीच्या डंपकडं, म्हणजे डेटाबेसच्या बॅकअप प्रतीकडं, गेला: लोड करू, निदान कालपर्यंतचं तरी दिसेल. मी थांबवलं. लाइव्हवर काहीही लोड केलं की जे घडलं त्यावर आणखी एक थर चढतो, आणि कुणी लॉगिन करून नवी नोंद टाकली की दोन वेगळे इतिहास तयार होतात. आधी ‘पीएचपी आर्टिसन डाउन’, साइट ५०३ वर, म्हणजे तात्पुरती बंद. मग एसएमएसची रांग बंद, क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) बंद. मग ‘पीएचपी आर्टिसन अबाउट’. ही कमांड अॅपची कुंडली एका पानात मांडते. एन्व्हायर्नमेंटपुढं लिहिलं होतं: लोकल. ते अक्षर कुणाचं, हे तेव्हा मला आठवलं.

११:१० ला सचिवांना फोन केला. सर्व्हर डाउन आहे म्हणून वेळ मारून नेता आली असती. मी सांगितलं, “अण्णा, आमच्या हातनं डेटा उडालाय. कालपर्यंतचा बॅकअप आहे, सकाळचं संकलन परत आणायचं बघतोय.” ते थोडा वेळ गप्प. मग एकच प्रश्न: “संध्याकाळचं संकलन हुतंय का न्हाई?” साडेचारपर्यंत कळवतो म्हटलं, आणि तोवर एक वही आणि मशीनच्या चिठ्ठीची दुसरी प्रत काढायची सोय तयार ठेवायला सांगितली.

पर्याय

हातात चार वाटा होत्या.

होस्टिंगचा साप्ताहिक स्नॅपशॉट (पूर्ण सर्व्हरची प्रत) चार दिवस जुना. तो लगेच बाजूला ठेवला.

रात्रीचा मायएसक्यूएल डंप, २:१५ चा. तो लोड करून सकाळच्या नोंदी हातानं भरायच्या, तर त्या आणायच्या कुठून? मशीनची चिठ्ठी सभासदाच्या खिशात. रजिस्टर आमच्या सल्ल्यानं बंद. सहाशे घरं फिरून चिठ्ठ्या गोळा करायच्या, हे चेअरमनला सांगायची माझी हिंमत नव्हती.

एसएमएस देणाऱ्या कंपनीचा अहवाल. प्रत्येक मेसेजमध्ये तारीख, सभासद क्रमांक, लिटर, फॅट, एसएनएफ, रक्कम सगळं असतं. म्हणजे सकाळचं संकलन आमच्या नकळत तिसऱ्याच ठिकाणी नोंदलं गेलं होतं. पण ज्यांचा मोबाइल नंबर नाही ते त्यात नाहीत, आणि पशुखाद्याची उचलही नाही.

चौथी वाट बिनलॉगची. मायएसक्यूएल ८ मध्ये बायनरी लॉग, म्हणजेच बिनलॉग, मुळातच चालू असतो आणि आपण बदललं नाही तर ३० दिवस राहतो. डेटाबेसमध्ये झालेला प्रत्येक बदल त्यात क्रमानं असतो. डंप लोड करायचा, त्यानंतरचे बदल टेबलं पडायच्या क्षणापर्यंत पुन्हा चालवायचे. वाचलेलं होतं, कधी केलेलं नव्हतं.

मी बिनलॉग धरला आणि एसएमएसचा अहवाल पडताळणीसाठी मागवायचं ठरवलं. ठरवलं ११:२० ला, मागितला १२:४० ला. आला पावणेतीनला. ही माझी त्या दिवसातली सगळ्यात टाळता येण्याजोगी चूक. फोन करायला काही लागत नव्हतं.

काय केलं

बिनलॉगच्या फाइली आणि डंप आधी सर्व्हरवरून उतरवून घेतले. माझ्या लॅपटॉपवर त्याच आवृत्तीचं मायएसक्यूएल उभं केलं, त्याच नावाचा डेटाबेस. लाइव्हला हात लावायचा नाही हे ठरलेलं.

बिनलॉग वाचता येईल अशा रूपात काढला आणि टेबल पाडणारी ‘ड्रॉप टेबल’ ही आज्ञा शोधली. १०:४७:१२ ला एकच लांब ओळ, तिच्यात चौतीस टेबलांची नावं स्वल्पविराम देऊन. उचल, एसएमएस, कपाती, दरपत्रक, दूध_नोंदी, सभासद, वर्णानुक्रमानंच. दीड वर्षाचं काम एका ओळीत मावतं. १०:५३ ला तशीच दुसरी, कोऱ्या टेबलांना पुन्हा पाडणारी. थांबायचं पहिलीच्या आधी. लॉगमधली ती जागा, म्हणजे पोझिशन, टिपून घेतली.

सुरुवात मात्र फसली. डंप २:१५ चा, तर त्या वेळेपासून बदल चालवायचे. चालवले आणि सकाळच्या पहिल्याच नोंदीवर १०६२ चा एरर, म्हणजे ही ओळ आधीच आहे. सकाळी ६:०४ ची नोंद मध्यरात्रीच्या डंपमध्ये कशी असेल? मी कमांड पुन्हा तपासली, डंप पुसून पुन्हा लोड केला, पुन्हा तेच. अर्धा तास गेला. ज्युनिअर बाजूला डंपची शेवटची ओळ बघत बसला होता, ‘२:१५:०९ ला पूर्ण’ अशी. तो म्हणाला, “सर, सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर आहे का?”

होतं. यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, आपल्या साडेपाच तास मागं. क्रॉनमध्ये २:१५ लिहिलेलं, सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे आपल्याकडचे ७:४५. ज्याला आम्ही दीड वर्ष रात्रीचा बॅकअप म्हणत होतो तो रोज ऐन संकलनाच्या गर्दीत, रांगेत माणसं उभी असताना निघत होता. उलट बिनलॉग वाचणारं साधन ज्या मशीनवर चालवाल त्याचं घड्याळ धरतं, आणि माझा लॅपटॉप भारतीय वेळेवर. दोन्हीकडं २:१५, अर्थ साडेपाच तासांनी वेगळा.

आता वेळेनं सुरुवात धरून भागणार नव्हतं, कारण ७:४५ ला दर दहा-पंधरा सेकंदाला नोंद पडत होती. डंप काढताना बिनलॉगमधली पोझिशन लिहून ठेवायचा पर्याय असतो, ‘--सोर्स-डेटा’. तो आम्ही दिलेला नव्हता. मग उलटं गेलो. डंपमध्ये दूध_नोंदीची शेवटची ओळ कोणती ते पाहिलं, ७:४४:५१ ची. बिनलॉगमध्ये नेमकी तीच शोधली. पुढची ७:४५:०६ ची डंपमध्ये नव्हती. सीमा या दोघींच्या मधली. मधे फक्त एसएमएसच्या रांगेतली एक ओळ पुसली गेली होती, ती डंपमध्ये होती की नाही ते टेबल उघडून डोळ्यांनी पाहिलं. होती, म्हणजे पुसण्याची नोंदही चालवायला हवी. तिच्या आधीच्या पोझिशनपासून सुरुवात केली. ओळीनिहाय बिनलॉगचा एक फायदा असा, की सुरुवात अलीकडं धरून आधीच असलेली ओळ पुन्हा घालायला गेलात तर १०६२ आणि नसलेली ओळ पुसायला गेलात तर १०३२ येतो. यावेळी काहीच आलं नाही. २:३५ वाजले होते.

पडताळणी

सकाळच्या नोंदी ५८६. एसएमएस अहवालात ५७१. फरक पंधराचा, आणि सभासदांच्या टेबलात सकाळी दूध घातलेले, मोबाइल नंबर नसलेले नेमके पंधरा. त्यातले तीन क्रमांक सचिवांना फोनवर वाचून दाखवले. “व्हय, त्या म्हातारीकडं कुठला फोन.” लिटरची बेरीज संकलनावरच्या मुलाच्या लक्षात होती, कारण टँकरच्या पावतीवर तो रोज ती लिहितो. जुळली. सकाळी झालेल्या पशुखाद्याच्या दोन उचली दुकानाच्या बिलबुकात सापडल्या आणि त्याही जुळल्या.

एसएमएसच्या रांगेचं टेबल लाइव्हवर नेण्याआधी मुद्दाम पाहिलं. एखादा मेसेज त्यात अडकलेला असता आणि रांग सुरू केली असती, तर लोकांना सकाळचा हिशेब दुपारी पुन्हा गेला असता. रिकामं होतं.

इथं एक छोटा वाद झाला. ज्युनिअरचं म्हणणं, दरपत्रकाची दुरुस्ती तशीच ठेवावी, उद्या बिल आहे. मी जुन्या कोडवर परत गेलो. एका दिवसात डेटा आणि हिशेबाची पद्धत दोन्ही बदलल्या आणि बिलात काही खटकलं, तर कोणामुळं ते सांगता आलं नसतं. तो बरोबर होता की मी, हे पुढं येतंच.

निकाल

३:५० ला ‘पीएचपी आर्टिसन अप’. पाचचं संकलन अॅपवर झालं. संकलनावरच्या मुलानं त्या संध्याकाळी वहीतही सगळं लिहिलं. कुणी सांगितलं नव्हतं.

त्या महिन्याचे देखभालीचे पैसे आम्ही घेतले नाहीत. चेअरमननी मीटिंगमध्ये विषय घेतला, सचिवांनी काय झालं ते सांगितलं, आणि ठराव झाला की संस्थेकडं रोजची छापील यादी असावी. सकाळ-संध्याकाळ संकलन संपलं की ती आता आपोआप निघते.

वेगळं काय करता आलं असतं

‘अॅप_एन्व्ह’ त्याच रात्री ‘प्रॉडक्शन’ केलं, स्क्रिप्टमध्ये मायग्रेटला ‘--फोर्स’ दिलं. पण मला हा खरा बंदोबस्त वाटत नाही. एका फाइलीतल्या एका शब्दावर सहाशे घरांचा हिशेब टेकवायचा आणि तो शब्द कुणी बदलणार नाही असं धरायचं, हे आम्ही एकदा करून पाहिलंय.

खरा बंदोबस्त डेटाबेसच्या पातळीवर आहे. अॅप ज्या मायएसक्यूएल युजरनं जोडतं त्याला आता टेबल पाडायचा हक्कच नाही. मायग्रेटसाठी वेगळा युजर, त्याचा पासवर्ड सर्व्हरवर पडून राहत नाही. अशा युजरसमोर ‘मायग्रेट:फ्रेश’ कुठूनही, कशीही आली तरी एरर देऊन थांबते. हे पहिल्या दिवशी करायला अर्धा तास लागला असता.

‘--नो-डेव्ह’ आल्यावर सर्व्हरवर ‘टेस्ट’ ही कमांडच उरली नाही. टेस्टच्या मूळ क्लासमध्येही कॉन्फिग गोठलेलं दिसलं तर तिथंच थांबायचं अशी चार ओळींची अट घातली. लॅराव्हल ११ मध्ये विध्वंसक कमांड बंद ठेवायची सोय फ्रेमवर्कमध्येच आली आहे, पण तिच्यासाठी आवृत्ती बदलायला हवी आणि ते काम अजून यादीतच आहे.

डंप आता दोनदा निघतो, संकलन संपल्यावर, भारतीय वेळेनं, बिनलॉगच्या पोझिशनसकट. महिन्यातून एकदा कुणीतरी तो लॅपटॉपवर लोड करून काल संध्याकाळची बेरीज काढून दाखवतो. दीड वर्षात हे एकदा जरी केलं असतं तरी ७:४५ ची गंमत तेव्हाच कळली असती.

एका गोष्टीवर आमचं अजून एकमत नाही. माझा भागीदार म्हणतो, ज्युनिअरला लाइव्ह सर्व्हरचा प्रवेशच नको. मला ते पटत नाही. त्या दिवशी वेळा बरोबर सांगणारा आणि यूटीसी ओळखणारा तोच होता, आणि ‘लोकल’ लिहिणारा मी. प्रवेश काढायचा तर कुणाचा?

वीस तारखेचं बिल वेळेवर निघालं, जुन्या कोडवर. ज्यांचा एसएनएफ बरोबर ८.५ होता त्यांना दर एक पायरी खालचाच लागला, आणि दुसऱ्या दिवशी अकरा जण संस्थेत येऊन बसले. दुरुस्ती २२ ला लाइव्ह झाली. टेस्ट ज्युनिअरनं लॅपटॉपवर चालवल्या. फरकाची रक्कम महिनाअखेरच्या बिलात जमा केली.